शेवाळाची जागा

आमच्या घरात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय आलं ते २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत. हौस म्हणून आलं नव्हतं. अब्बांसाठी आलं होतं.

अब्बा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे. सगळी हयात समुद्रावर गेली. आधी खलाशी, मग तांडेल. २०१९ मध्ये अम्मी गेल्या. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला, धंदा बसला आणि लाँच विकावी लागली. रिकाम्या घरात त्यांना एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून आम्ही त्यांना मुंब्र्याला घेऊन आलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको आणि शाळेत जाणारी आमची लेक. चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक. मुंब्र्याला खाडी आहे, पण आमच्या खिडकीतून दिसतात समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे. अब्बा त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि मध्येच विचारत, "आज भरती किती वाजता?" आम्हाला कुणालाच ठाऊक नसे. ज्या माणसाचं घड्याळच भरती-ओहोटीचं, त्याला आम्ही लोकलच्या वेळापत्रकावर आणून बसवलं होतं.

तरुणपणी एकदा मुंबईला आले असताना अब्बांनी मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय त्या काळी मुंबईला येणारा प्रत्येक कोकणी माणूस पाहून जाई. ती आठवण ते सारखी सांगत. त्यावरूनच आम्हाला सुचलं, की आपण अब्बांना समुद्राकडे रोज नेऊ शकत नाही, तर थोडा समुद्र घरात आणू.

कुर्ला पश्चिमेला शोभेच्या माशांचा बाजार आहे. तिथून तीन फुटी काचेची टाकी घेतली. दगड आणि वाळू गेल्यावर जेमतेम पावणेदोनशे लिटर पाणी मावणारी. दुकानदाराने खास मीठ दिलं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सहाएक किलो मीठ पाण्यात ढवळायचं, मग खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीत डोळा लावून बघायचं. अब्बा हे सगळं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मीठ विकत आणून समुद्र करता? मिरकरवाड्याला फुकट आहे." आम्ही खूप हसलो. ते बरेच दिवसांनी घरात कुणीतरी मोकळेपणाने हसल्यासारखं होतं.

प्रवाळ आम्ही ठेवले नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना संरक्षण आहे. ते उचलून घरात आणणं गुन्हा आहे. म्हणून भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड रचले. मासे घालायची घाई करायची नाही, हे आम्ही वाचून ठेवलं होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो माशांना विषच. दगडांत आणि वाळूत हळूहळू जिवाणू वाढतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ही साखळी जमायला चार-सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस आमच्या घरात दिवा लावलेली रिकामी टाकी होती आणि तिच्यासमोर बसलेले अब्बा. "मासे कुठायत?" ते विचारत. "येणार आहेत," आम्ही सांगत. अर्ध्या तासाने ते पुन्हा विचारत. म्हाताऱ्या माणसाची उतावीळ, असं आम्ही समजून चाललो.

डिसेंबरअखेर मासे आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश, शेपटी पिवळी असलेले दोन निळे डॅमसेल आणि दगडावर कोपर टेकून बसल्यासारखा दिसणारा एक करडा ब्लेनी. अब्बांनी चष्मा लावून एकेकाला नीट पाहिलं आणि निकाल दिला, "हे आपल्याकडचे नव्हेत." बरोबरच होतं. हे प्रवाळांवर राहणारे मासे. रत्नागिरीच्या जाळ्यात ते कुठून यावेत? पण त्या दिवसापासून अब्बांची खुर्ची खिडकीशी गेली नाही. ती टाकीसमोर आली, आणि त्यांनी भरतीची वेळ विचारणं सोडलं.

इथवर सगळं छान होतं. मग शेवाळ आलं.

पहिलं आलं ते तपकिरी. वाळूवर कुणी कोको भुरभुरावा तसं. त्याला डायटम म्हणतात. पाण्यातली सिलिका घेऊन ते आपलं कवच बांधतात. आम्ही घरच्याच पाणी शुद्ध करायच्या मशीनचं पाणी वापरत होतो, आणि ते मशीन पाण्याला चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. नळातून आलेलं बरंच काही त्या वाटेने टाकीत जात होतं. पुढे आणखी एक गाळणी बसवली, ज्यातून पाणी अगदी कोरं होऊन बाहेर येतं. तपकिरी थर तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

फेब्रुवारीत हिरवं आलं. आधी दगडावर मखमल, मग केस, मग म्हशीच्या शेपटीसारख्या झिपऱ्या. त्याच्या पाठोपाठ वाळूवर लालसर जांभळी साय धरली, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. ही साय खरं तर शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पण बघणाऱ्याला सगळं शेवाळच. पाहुणे येत आणि विचारत, "हे असंच असतं का?" आम्ही ओशाळून दुसरा विषय काढत असू.

मग आमची लढाई सुरू झाली. दर रविवारी एकाने दात घासायच्या ब्रशने दगड घासायचे, दुसऱ्याने बारीक नळीने सुटलेलं शेवाळ बादलीत ओढून घ्यायचं. आठवड्याला पंचवीस लिटर पाणी बदलायचं. दिवा बारा तास चालायचा तो सातवर आणला. दुपारचं ऊन टाकीवर पडत होतं म्हणून खिडकीला जाड पडदा लावला. शेवाळ खाणाऱ्या सहा गोगलगाई आणल्या. पाण्यातली घाण फेसाच्या रूपाने बाहेर काढणारं स्किमर नावाचं यंत्र बसवलं. त्याच्या पेल्यात रोज सकाळी काळपट, घाणेरड्या वासाचं पाणी साठे. या सगळ्याने दोन दिवस टाकी स्वच्छ दिसे. बुधवारपर्यंत दगडांना पुन्हा दाढी आलेली असे.

शेवाळाला जगायला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खत. खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो त्यांना नत्र आणि स्फुरद म्हणतो. शेतात पीक यावं म्हणून जे घालतो, तेच टाकीत साठलं की शेवाळाचं पीक येतं. म्हणून आम्ही पाणी तपासायचं औषध आणलं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग कार्डाशी जुळवायचा. रंग आलाच नाही. नायट्रेट शून्य. फॉस्फेटही जवळजवळ शून्य. आम्ही चक्रावलो. खत नाही तर पीक कसं?

त्याचं उत्तर आम्हाला फार उशिरा कळलं. पाण्यात खत दिसत नव्हतं, कारण ते येताक्षणी शेवाळ खाऊन टाकत होतं. नळीतलं पाणी फक्त काय शिल्लक आहे ते सांगतं. किती आलं, ते सांगत नाही. किती आलं हे बघायचं तर दगडाकडे बघायला हवं होतं. तिथे सगळा हिशेब हिरव्या शाईत लिहिलेला होता.

पण आत येत तरी कुठून होतं? खाण्याच्या बाबतीत आम्ही काटेकोर होतो. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं, असं आम्ही कुठेतरी वाचलं होतं. म्हणून सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट. डब्यावर पेनने रेघ मारून ठेवली होती. रेघ हिशेबाप्रमाणेच खाली जात होती.

उलगडा स्वयंपाकघरात झाला. आमच्याकडे जवळ्याचा डबा भरलेला असतो. रत्नागिरीहून वर्षाचा जवळा येतो. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, डबा काढला तर तळाला मूठभर जवळा. डिसेंबरात भरलेला, आणि घरात जवळ्याची चटणी झाली असेल दोन-तीनदा. आधी उंदरांवर संशय गेला. मग त्याच आठवड्यात टाकीच्या गाळणीतला कापूस धुताना त्यात लालसर सालपटं आणि मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसले. ते डोळे होते. जवळ्याचे डोळे.

दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एक जण कामावर गेलं नाही. अब्बांना सांगितलं नाही, आतल्या खोलीत नुसतं थांबलं. साडेनऊला अब्बा उठले, स्वयंपाकघरात गेले, मूठ भरून आले. जवळा तळहातावर चुरडला, पाण्यावर पसरला, आणि मासे वर येऊन खाताना उभे राहून पाहिले. चेहऱ्यावर मोठं समाधान. पुन्हा खुर्चीत बसले. सव्वादहाला उठले, स्वयंपाकघरात गेले, मूठ भरून आले. त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत पाच वेळा.

संध्याकाळी त्यांना विचारलं. "छे," ते म्हणाले, "मी कशाला घालू? ते तर सकाळपासून उपाशी आहेत. तुमी लोक घालीतच नाय."

आणि मग आवाज चढला. दोघांपैकी कुणाचा, ते इथे लिहीत नाही. तो आमचाच आवाज होता. कित्येक महिने रविवार फुकट घालवल्याचा, गोगलगाईंच्या आणि यंत्रांच्या पैशांचा, पाहुण्यांपुढे खाल्लेल्या शरमेचा सगळा राग त्यात होता. "खोटं कशाला बोलता अब्बा?" असं आम्ही त्यांना विचारलं. ज्या माणसाने भर समुद्रात खलाशांना हिशेबाचा एक पैसा कमी दिला नाही, त्याला विचारलं. ते आमच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बुचकळ्यात पडलेल्या माणसासारखा चेहरा होता. तेव्हाच आमच्या ध्यानात यायला हवं होतं.

आम्ही जवळ्याचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. माशांचं खाणं दिवसाआड केलं. शिवाय फॉस्फेट शोषून घेणाऱ्या लोहाच्या तपकिरी गोळ्या मिळतात, त्यांची पिशवी पाण्यात लावली. या उपायाने शेवाळ खरोखर उपाशी पडलं. तीन आठवड्यांत हिरव्या झिपऱ्या पांढुरक्या होऊन गळू लागल्या. आम्ही खूश झालो. अब्बांनी खुर्ची उचलून भिंतीकडे नेली.

ते काही बोलत नसत. जेवायला हाक मारली की येत. "जेवलो की मी," असं कधी म्हणत, कधी जेवून उठल्यावर तासाभराने "आज जेवण नाही का?" विचारत. टाकीकडे पाठ करून बसत. लेकीने एकदा "दादाजान, निमो बघा" म्हणून हात ओढला, तर म्हणाले, "ते तुमचे आहेत. माझे नव्हेत."

जुलैच्या मध्यावर टाकीत एक नवीनच प्रकार दिसला. पुसून लख्ख झालेल्या दगडांवर तपकिरी शेंबडासारखे धागे, प्रत्येक धाग्याच्या टोकाला बुडबुडा. रात्री नाहीसे होत, दुपारी पुन्हा हजर. दोन दिवसांत चार गोगलगाई मेल्या. लेकीच्या शाळेच्या कामासाठी घेतलेलं साधं सूक्ष्मदर्शक होतं. त्याखाली एक थेंब ठेवला तर तिळासारखे असंख्य जीव एका जागी बांधल्यासारखे झुलताना दिसले. ते डायनोफ्लॅजेलेट होते. त्यातल्या काही जाती विषारी असतात. त्या खाऊन गोगलगाई मरतात.

हे का झालं, ते वाचल्यावर आम्ही गप्प झालो. आम्ही पाणी फार स्वच्छ केलं होतं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि या वेळी खरंखुरं शून्य. तसं झालं की साधं शेवाळ आणि नेहमीचे जिवाणू उपासमारीने मागे हटतात. त्यांनी अडवलेली जागा मोकळी होते, आणि उपाशीपोटी तग धरणारे हे पाहुणे ती बळकावतात. म्हणजे शेवाळ फार झालं तरी वाईट, आणि त्याचा निर्वंश केला तर त्याहून वाईट. यावर सांगितलेला उपाय वाचून तर हसावं की रडावं कळेना. शोषक पिशवी काढा, पाणी बदलणं थांबवा, तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवा, आणि माशांना जास्त खायला घाला.

खायला घालायला माणूस हवा होता. तो आम्ही भिंतीकडे तोंड करून बसवला होता.

अंधारासाठी टाकीवर पांढरी चादर टाकली. दुपारी झोपून उठलेले अब्बा बाहेर आले, चादरीकडे पाहून दारातच थबकले आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

आम्ही ती चादर काढून निळ्या फुलांची टाकली. दुसऱ्या दिवशी अब्बांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी अब्बांना तारीख विचारली, वार विचारला, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. अब्बांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला लिहिले. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, की स्मरणशक्तीचा हा आजार आहे, तो बरा होणारा नाही, पण सांभाळता येतो. "सुरुवात कधी झाली असेल?" त्यांनी विचारलं. आम्ही म्हणालो, महिनाभर झाला असेल. घरी येताना रिक्षात आम्ही दोघांनी मनातल्या मनात जवळ्याचा हिशेब केला. घरी येईपर्यंत महिन्याभराचे सहा महिने झाले होते. अब्बा पहिल्यांदा विसरले ते फेब्रुवारीत किंवा त्याही आधी, रिकाम्या टाकीसमोर बसून मासे कुठे आहेत म्हणून परत परत विचारत होते तेव्हा. आम्हाला ते दिसलं नाही. दगडांवर ते रोज उगवत होतं आणि आम्ही ते दर रविवारी ब्रशने पुसत होतो.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती. ते करतात ते काम काढून घेऊ नका, कामाला चौकट द्या. "आठवतं का?" असं विचारू नका. आम्ही औषधांच्या गोळ्यांसाठी असते तशी खणांची डबी आणली. दिवसाला तीन खण. प्रत्येक खणात मोजून चिमूटभर जवळा, तोही आधी कोऱ्या पाण्यात दोनदा धुऊन, म्हणजे त्याचं मीठ आणि चुरा निघून जावा. सकाळी ती डबी टाकीवर ठेवायची. अब्बा सकाळ, दुपार, संध्याकाळ खण उघडतात. मधल्या वेळी त्यांना पुन्हा घालावंसं वाटलं तर त्या वेळचा खण रिकामा असतो. रिकामा खण त्यांना पटतो. आमचा शब्द पटत नसे.

ते तपकिरी धागे जायला दीड महिना लागला. अंधार, पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा आणि अब्बांचा जवळा, या तिन्हींमुळे. मग अपेक्षेप्रमाणे दगडांवर पुन्हा हिरवी कोवळी लव दिसली. या वेळी आम्ही ब्रश उचलला नाही. तोवर आम्हाला एवढं कळलं होतं, की माशांना खायला घालणार तिथे खत होणार, आणि खत होणार तिथे काहीतरी उगवणारच. ते उगवू नये म्हणून भांडण्यात अर्थ नाही. कुठे उगवावं, तेवढं आपण ठरवू शकतो.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी काही दशकांपूर्वी यावर एक साधी युक्ती काढली. खरखरीत जाळीवरून टाकीचं पाणी पातळ चादरीसारखं वाहू द्यायचं आणि तिच्यावर भरपूर उजेड सोडायचा. शेवाळाला याहून चांगलं घर मिळत नाही. ते तिथे जोमाने वाढतं, पाण्यातलं नत्र-स्फुरद तिथेच खातं, आणि टाकीतल्या दगडांवरच्या शेवाळाला फारसं उरत नाही. आठवड्याने जाळी काढून खरवडायची. शेवाळाबरोबर खतही घराबाहेर.

जाळी म्हटल्यावर आम्ही अब्बांकडे पाहिलं. गावाहून भाच्याने त्यांची जाळं विणायची सुई आणि नायलॉनचा दोरा पाठवला. जी बोटं घड्याळाचे आकडे लिहिताना अडली होती, ती सुईवर अडली नाहीत. वीतभर रुंद, दोन वीत लांब, बारीक आसाची दुहेरी जाळी त्यांनी तीन दिवसांत विणली. मध्येच विसरत, की हे कशासाठी चाललं आहे. पण गाठ चुकत नव्हती. "कोलंबीसाठी का?" ते विचारत. आम्ही म्हणत, "शेवाळ धरायला." ते हसत. "शेवाळ कोण धरतं? ते आपलं धरतं." टाकीच्या मागे एका प्लास्टिकच्या डब्यात ती जाळी टांगली, वरून पंपाचं पाणी सोडलं, लाल दिवा लावला. तो दिवा रात्री चालतो, टाकीचा बंद असतो तेव्हा. पहिले दोन-तीन आठवडे जाळीवर नुसता तपकिरी बुळबुळीत थर धरला. मग हिरवं आलं. दोन महिन्यांनी दगडांवरची लव विरळ होत गेली. उरलेली ब्लेनी कुरतडून खात असे.

आता शुक्रवारी सकाळी अब्बा जाळी खरवडतात. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तळाला धरलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे, त्यामुळे हे काम त्यांना कुणी शिकवलं नाही. पत्र्याचा एक बोथट तुकडा घेऊन, जाळी पाटावर पसरून, एका दिशेने खरवडतात. सगळं काढत नाहीत, मुळाशी थोडं ठेवतात. तसं ठेवलं तरच ते लवकर परत धरतं, हे आम्ही नंतर वाचलं. मूठभर निघतं. लेक ते दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन मीठ काढते आणि गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालते. पाण्याची तपासणी आम्ही महिन्यातून दोनदा करतो. नायट्रेट पाच ते दहाच्या दरम्यान असतं, फॉस्फेट शून्याच्या जरासं वर. शून्य आम्हाला आता नको असतं.

टाकी काही अगदी चकचकीत नाही. मागच्या काचेवर हिरवा पट्टा आहे, तो आम्ही राहू दिला आहे. गोगलगाई परत आणल्या, त्या तिथे चरतात. अब्बांचा आजारही पुढे सरकतो आहे. हल्ली लेकीला कधी कधी ते त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. ती ओ देते. डबीतले खण उघडणं मात्र अजून चुकलेलं नाही. पुढे कधी चुकेल, हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा काय करायचं, ते तेव्हा शोधू.

परवा रात्री जेवणं झाल्यावर अब्बांनी नेहमीसारखं विचारलं, "माशांना घातलं का?"

"डबी बघा अब्बा."

ते उठले, डबी हलवून पाहिली, तिन्ही खण उघडून पाहिले.

"घातलेलं दिसतं."

"तुम्हीच घातलंत."

"मग ठीक," म्हणाले, आणि दिवा मालवायच्या आधी काचेशी थोडा वेळ उभे राहिले.